सांगकाम्या आणि मनकवडा

कार्यालयाच्या पडद्यांवर एका सकाळी ती पाटी उमटली, तेव्हाच मला शिसारी आली. ‘मनकवडा आला आहे. आता सांगायची गरज नाही.’ खाली हसणाऱ्या बाईचं चित्र. दात असे पांढरे, जणू जन्मात कधी चहा नाही, सुपारी नाही, कुणाशी भांडण नाही. पाटी पुसली तर दुपारी परत हजर. नको म्हटलं तर म्हणे ‘नंतर आठवण करून देऊ’. दारातला भिकारीसुद्धा पुढं जा म्हटलं की पुढं जातो. हे काही जाईना.

तारामती मंगल कार्यालय म्हणजे पलूसच्या फाट्यावरचं आमचं. नाव सासूचं, बांधलं नवऱ्यानं, चालवलं मी. आता तिथं दिवे, पंखे, भट्ट्या, काचेची सरकती दारं, पंगतीतून फिरणाऱ्या वाढपाच्या गाड्या, सगळं संगणकावर चालतं. आणि त्या संगणकाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो, त्याला सिस्टीम म्हणतात. यंत्र तेच राहतं, कारभारी बदलला की घराची रीत बदलते. आमच्या जुन्या कारभाऱ्याला कंपनीनं लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मी त्याला सांगकाम्या म्हणायचे. सांगेल तेवढं करायचा, वर एक काडी हलवायचा नाही.

त्यालाही मी घडवला. नवा होता तेव्हाची गोष्ट. लग्न उरकलं, पाव्हणे गेले, मी म्हटलं, चला, कार्यालय वाढवा आता. आपण काही ‘बंद करा’ म्हणत नाही, बंद हा शब्द शुभ जागेत तोंडातून काढायचा नाही. तर त्यानं झोपलेले दिवे परत लावले, पंखे सुसाट सोडले आणि आचाऱ्याला विचारलं, आणखी किती पानं घेऊ. दुसऱ्या लग्नात भटजी म्हणाले नारळ वाढवा, तर दारात नारळांचा टेम्पो येऊन उभा. मी त्याला माझ्या माहेरच्या भाषेत झोडपला आणि एकेक शब्द समजावला. एकदा कळलं ते कळलं. त्याला मन नव्हतं, पण माझा शब्द त्याला पाठ होता. एवढं तर माझ्या नवऱ्यालाही जमलं नव्हतं.

मनकवडा हवा होता तो माझ्या लेकाला. त्याचं नाव धैर्यशील. नाव ठेवताना माणसं आशेवर असतात. बायपासवरच्या नव्या कार्यालयात मनकवडा बसलाय, तिथं लग्नाच्या तारखा मिळेनात, आपण मागं पडू, असं तो जेवताना, झोपताना, देवापुढं उदबत्ती लावतानाही बोलायला लागला. सून वृषाली शहाणी, ती मधे पडत नाही. पण तिनंही हळूच म्हटलं की आत्या, बघायला काय हरकत आहे. शेवटी मालकी माझी. मी म्हटलं, बोलवा त्या कंपनीवाल्यांना.

आल्या त्या मिथिला मॅडम. चाळिशीच्या, बोलायला मऊ, चहाला नको म्हणणाऱ्या. त्यांनी स्वयंपाकघरातून नासलेल्या दुधाची वाटी मागवली आणि बोलता बोलता धैर्यशीलच्या नाकाखाली धरली. तो हसला, म्हणाला, अहो मॅडम हे काय. मग त्यांनी भिंतीवर त्याचं तोंड मोठं करून दाखवलं, पण अगदी सावकाश केलेलं. हसण्याच्या आधी, पापणी लवायच्याही आत, त्याच्या नाकाच्या कडा वर चढल्या होत्या, वरचा ओठ उचलला होता, मान तसूभर मागं गेली होती. मग ते सगळं गिळून वर हसू आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, हे हसू माणसाचं. त्याच्या आधीचं तोंड शरीराचं.

मग त्यांनी नीट समजावलं, आणि तेवढं मला कळलं. माणसाच्या चेहऱ्यात बारीक बारीक कितीतरी स्नायू असतात. नासकं अन्न पोटात जाऊ नये म्हणून शरीरानं फार जुन्या काळी एक खोड लावून घेतली, नाक मिटायचं, ओठ उचलायचा. मेंदूला कळायच्या आत ती होऊन जाते. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते. कातडीखालचं रक्त किंचित रंग बदलतं, तेही दिसतं. फरशीखाली तराजूसारख्या पट्ट्या बसवल्या की कोण कुणापासून किती झुकून मागं सरला तेही कळतं. मनकवडा हे सगळं गोळा करतो. कुणाच्या, कशाच्या समोर नाकं मुरडली आणि ती गोष्ट बाजूला केल्यावर सैल पडली, एवढंच बघतो. मग दिवे, पंखे, दारं, गाड्या अशा हलवतो की नाकं कमी मुरडावीत. कुणाला काही सांगावं लागत नाही. आणि कुणी काही सांगितलं, पण चेहरा वेगळं बोलला, तर तो चेहरा धरतो.

मी विचारलं, त्याला बरं-वाईट कोण शिकवतं?

मॅडम अभिमानानं म्हणाल्या, कुणीच नाही आक्का, तो स्वतःच शिकतो.

न शिकवलेलं पोर काय काय शिकतं ते मला विचार बाई, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, ठीक आहे.

ठरलं ते असं. एक महिना वापरून बघायचा. तोवर सांगकाम्याला कोपऱ्यात निजवून ठेवणार. महिना सरला की मालकानं बोलून सांगायचं, ठेवा किंवा काढा. कायद्यानं एवढी एक गोष्ट तोंडी ठेवलीय, नशीब. ठेवा म्हटलं की सांगकाम्या आणि मी त्याला शिकवलेलं सगळं पुसून जाणार, मागं फिरणं नाही. महिन्याच्या शेवटी माझी नात, धैर्यशीलची लेक ओवी, हिचं लग्न आमच्याच कार्यालयात होतं. धैर्यशील म्हणाला, बरंच झालं, घरच्या लग्नातच परीक्षा होईल. त्याला काय ठाऊक परीक्षा कुणाची.

पहिल्या लग्नापासून लोक खूश. पानावर हात आडवा धरून नको नको म्हणणाऱ्या मामांच्या पुढ्यात गाडी थांबायची आणि जिलबी वाढायची. मामा म्हणायचे अरे अरे, आणि खायचे. मुलीच्या सासरचे रागावू नयेत म्हणून वाढा वाढा म्हणणारी एक बारकी बाई होती, तिच्या पोटात जागा नव्हती, तर गाडी तिला ओलांडून गेली आणि ती सुटकेनं पाणी प्यायली. पानात उष्टं राहीना. आग्रह करणाऱ्या बायकांना कामच उरलं नाही, त्या भिंतीला टेकून उभ्या. मानपानावरून पेटायला आलेल्या दोन व्याह्यांच्या मधे पंखा असा काही फिरला, खुर्च्या अशा काही सरकल्या, की एक इकडं गेला, दुसरा तिकडं. भांडण नसलेलं लग्न मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मीठ नसलेल्या आमटीसारखं लागलं मला ते. धैर्यशीलला गोड लागलं. पुढच्या तारखा फटाफट गेल्या.

माझ्या मात्र एक लक्षात येत होतं. मी जिथं जावं तिथून मला काहीतरी काम निघायचं. नवरी मांडवात आली की कोठीतून बोलावणं, तांदळाची गोणी फुटलीय. जाऊन बघावं तर गोणी चांगली. माझी नेहमीची खुर्ची दाराजवळची, ती आतल्या खोलीत गेलेली. तिथं गारवा, चहा तयार, पाठीला उशी. आणि छतातून तो मधाळ आवाज, “आक्कासाहेब, आपण दमला आहात.” दमायला मी काय डोंगर चढून आले होते? पण वाटलं, म्हातारीचा मान ठेवतंय यंत्र. लेकानं ठेवला नाही तो यंत्रानं ठेवला, असं मीच शेजारणीला सांगून आले. तोंडानं सांगून आले, ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आमच्या कार्यालयाची एक रीत आहे. इथं हळद लागणाऱ्या प्रत्येक नवरीला पहिलं बोट माझं. नवरा होता तेव्हा सुरू केलं. तो गेला तेव्हा ओवी रांगत होती. तेरावं झाल्यावर पहिल्या लग्नात मी कपाळावर टिकली लावून, हळदीची वाटी घेऊन मांडवात गेले. सगळ्या बायका बघत राहिल्या. मी बोट बुडवलं, नवरीच्या गालाला लावलं. कुणी चकार शब्द काढला नाही. पुढंही कधी काढला नाही. गावोगाव ठराव झाले होते, विधवेला विधवा म्हणायचं नाही, हळदीकुंकवाला बोलवायचं, पाट्या लागल्या होत्या. मला वाटलं लोक सुधारले. मनकवड्याच्या त्या महिन्यात एकाही नवरीला माझं बोट लागलं नाही, आणि ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा तीन हळदी होऊन गेल्या होत्या. दरवेळी काही ना काही काम निघालं होतं.

उलगडा झाला तो आतल्या खोलीत, चहा पिताना. मी, स्वयंपाकघरातली पारू आणि वाढपी भिकाजी, तिघं बसलो होतो. भिकाजीसारखा वाढपी पंचक्रोशीत नाही, पण हल्ली त्याला पंगतीत गाडीच मिळत नव्हती. यंत्र त्याला भांडी मोजायला पाठवायचं. पारूला पूर्वी बाहेर विडे द्यायला बसवायचे, ती आता सारखी इथं. भिकाजी बशीत फुंकर घालत होता आणि मी त्याच्या हातांकडं बघितलं. कोड. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे डाग, लहानपणापासूनचे. पारूकडं बघितलं. तिचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, मूल नाही. मग मी माझ्याकडं बघितलं.

“आक्का, कशाला उठलीस, चहा तरी संपव,” पारू म्हणाली.

चहा मी मोरीत ओतला. वाटलं तोंडात कुणी उष्टं पाणी घातलंय.

ऑफिसात गेले, दार लोटलं आणि यंत्राला सरळ विचारलं, मला हळदीतून का बाजूला काढतोस. मालकाशी खोटं बोलायची त्याला मनाई आहे, एवढं बरं. ते म्हणालं, आपण नवरीजवळ गेल्यावर चेहरे आक्रसतात, आपण आतल्या खोलीत असताना ते सैल पडतात. का ते त्याला ठाऊक नव्हतं. विधवा हा शब्द त्याच्याकडं नव्हताच. कुणी त्याला शिकवलेला नव्हता. नासकं दूध आणि नकोसं माणूस, दोन्हीला नाक एकसारखंच मुरडतं, त्याला दोन्ही सारखीच. आपल्या आज्या-पणज्यांनी सोवळ्यात, केशवपनात, कोनाड्यात कोंडून जे केलं, ते या काचेच्या डोळ्यानं महिन्याभरात आपलं आपण शोधून काढलं, आणि वर उशी दिली पाठीला. जुन्या लोकांनी निदान तोंडावर सांगितलं असतं. सुधारलं कुणी नव्हतं. लोक फक्त बोलायचे थांबले होते.

मग मी जे विचारू नये ते विचारलं. कुणाचे चेहरे?

पाव्हण्यांपैकी काहींचे, ते म्हणालं. बऱ्याच जणांचे काहीच नाहीत. पण पाव्हणे रोज बदलतात, म्हणून रोज असणाऱ्यांच्या चेहऱ्याला ते जास्त वजन देतं. रोज असणाऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा आक्रसलेला चेहरा होता व्यवस्थापकाचा. म्हणजे धैर्यशीलचा.

त्याला बोलावला. तो ऐकून हसला, मग रागावला, मग देवाची शपथ घेतली. यंत्र चुकलं म्हणाला. आई, तू माझी आई आहेस, मला तुझी किळस कशी येईल. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मला काही दिसलं नाही. पोटच्या पोराच्या तोंडावरचं आईला दिसू नये आणि भिंतीवरच्या काचेला दिसावं, मला त्याचीच जास्त घाण वाटली.

वृषाली दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, आत्या, ह्यांना तुमची किळस नाही, लोकांची भीती वाटते. तुम्ही वाटी घेऊन निघालात की ह्यांचे डोळे पाव्हण्यांकडं धावतात, कोण काय म्हणेल, तारीख रद्द होईल का. मी तुमच्या घरात आल्यापासून बघतेय.

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“यंत्रासारखं दिसेल ते बोलायचं नसतं म्हणून,” ती म्हणाली.

धैर्यशीलनं मान खाली घातली होती. तसाच म्हणाला, “ओवीला पहिलं बोट तुझंच. माझा शब्द.”

आता शब्दाचं काय होतं ते ऐका.

ओवी जनावरांची डॉक्टर. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी पोरगी, तिला नाक मुरडायला वेळ नाही. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, आज्जीचं बोट लागल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाची हळद लावून घेणार नाही. हळद सकाळची, मोठ्या दालनात. तिचं सासर इस्लामपूरकडचं, वजनदार माणसं, बायका जरीच्या साड्यांत सगळ्या पुढं. महिनाही त्याच दिवशी भरत होता, म्हणून मिथिला मॅडम उत्तर घ्यायला आल्या होत्या.

मी देवघरापुढून हळदीची वाटी उचलली आणि दालनाच्या काचेच्या दारापाशी आले. दार नेहमी माणूस आलं की सरकतं. सरकलं नाही. आत ओवी पाटावर बसलेली दिसत होती, शेजारी वृषाली, दाराकडं डोळे लावून.

“आक्कासाहेब, आपण दमला आहात. आतल्या खोलीत आपल्यासाठी चहा ठेवला आहे.”

“दार उघड.”

“आपला चेहरा सांगतो की आपल्याला आत जायचं नाही.”

आणि खोटं नव्हतं ते. काचेतून त्या जरीच्या साड्या बघून, त्यांतल्या कुणाकुणाची नाकं आत्ता मुरडतील ते डोळ्यापुढं येऊन, मला ओकारी येत होती. पळून जावंसं वाटत होतं. म्हणून काय झालं? बाळंतपणाला जाताना कुठल्या बाईच्या तोंडावर हसू असतं?

आतल्या बायका वळून बघायला लागल्या. धैर्यशील धावत आला. त्यानं हुकूम सोडला, दार उघड, मी सांगतोय.

“आपला शब्द आणि आपला चेहरा जुळत नाहीत,” छतातला मध म्हणाला. “मी चेहरा धरला आहे.”

त्यानं काचेपलीकडच्या व्याह्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंडभर हसून परत तेच सांगितलं.

“हसण्याच्या आधीचा चेहरा धरला आहे.”

मिथिला मॅडम मागं उभ्या होत्या, त्या हातातल्या पडद्याच्या पाटीत बघायला लागल्या. माझा लेक काचेला हात टेकून उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, अगदी बारीक आवाजात, आई, मी खरंच म्हणतोय गं. यंत्राला नाही, मला. दार हललं नाही. गावात नागडं करून फिरवलेल्या माणसाची आपल्याला आधी कीव येते आणि मग फिरवणाऱ्यांची घाण वाटते. तसं झालं माझं. मनातलं नागडं करायला कुणी सांगितलं होतं यांना? मी माझ्या लेकाचं अंग नववीनंतर बघितलं नाही. त्याचं मन मला चव्हाट्यावर दाखवणारे हे कोण?

मी मॅडमकडं वळले.

“मनात काय येतं ते कुणाच्या हातात आहे का हो? आत्ता माझ्या मनात तुमच्याबद्दल जे आलंय ते तुमच्या यंत्रानं केलं, तर तुम्ही घरी पोचणार नाही. मनात तर कुत्र्याच्याही येतं. ते गिळून माणूस तोंडानं दुसरा शब्द देतो, तेवढाच तो माणूस. तुमचं यंत्र नेमकं तेवढंच फेकून देतं आणि उरलेलं वाढतं पानात.”

त्या म्हणाल्या, आक्का, रागात ठरवू नका. हे सुधारता येईल, आम्ही वजनं बदलू, आपल्याला वगळायला सांगू.

“मला वगळाल. भिकाजीला? पारूला? आणि उद्या ज्याच्यावर नाक मुरडेल त्याला?”

ते सोडून त्यांनी बाकीचं पुढं केलं. पुढच्या वर्षापासून कंपनी जुन्या सिस्टीमकडं बघणार नाही. नव्या गाड्या, नवी दारं तिला ओळखणार नाहीत. बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी यायचं नाही. आणि आज काढा म्हटलं की मनकवडा परत मागता यायचा नाही. बायपासवाल्यांकडं लोक जातील, ते वेगळंच. हे सगळं त्यांनी धैर्यशीलकडं बघत सांगितलं, कारण घाबरलंय कोण ते त्यांच्या पडद्यावर त्यांना दिसत असणार.

धैर्यशील माझ्याकडं बघत राहिला. हो पण नाही, नाही पण नाही.

मला दिसत होतं पुढचं. गाड्या एकेक करून अडतील, माणसं लावून वाढावं लागेल, भांडणं परत सुरू होतील, मामा लोक उपाशी उठतील आणि पानांत ढीगभर उष्टं राहील. तारखा रिकाम्या जातील. लेक मला घालूनपाडून बोलेल, आणि बरोबर बोलेल. मी सगळं बघितलं आणि म्हटलं, “काढा.”

“नक्की?” कायद्यानं त्यांना विचारावंच लागतं.

“काढा. आणि माझा सांगकाम्या उठवा.”

त्यांनी हातातल्या पाटीवर बोट ठेवलं. पंखे थांबले. सनई मधेच तुटली. दिवे गेले, नुसता खिडक्यांचा उजेड राहिला. जुना कारभारी जागा व्हायला अर्धा तास लागेल म्हणाल्या, तोवर सगळं मेलेलं. आत भटजी घड्याळ दाखवायला लागले, मुहूर्त टळतोय. दारातलं चुंबक सुटल्याचा खट् असा आवाज झाला, पण ती जाड काच, सरकवणारी मोटार मेलेली. माझ्या एका हातात वाटी. मॅडम बाजूला सरकल्या.

धैर्यशीलला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं चपला काढल्या, दाराच्या फटीत दोन्ही हातांची बोटं घातली, चौकटीला पाय लावला आणि ओढायला लागला. काचेपलीकडून त्याचे व्याही, विहीणबाई, सगळी इस्लामपूरची मंडळी त्याच्या तोंडापुढं उभी राहून बघत होती. दार इंचाइंचानं सरकत होतं. त्याच्या नाकाच्या कडा वर चढल्या होत्या, वरचा ओठ उचलला होता, अख्खं तोंड वाकडं झालं होतं. दाराच्या ओझ्यानं की कशानं, ते सांगायला छतात कुणी जागं नव्हतं.

मीही विचारलं नाही. माणूस जाईल एवढी वाट झाली तसा पदर खोचला, त्याच्या हाताखालून वाकून आत शिरले. ओवीनं गाल पुढं केलाच होता.